न सांगायचा नंबर

एका गावात निवृत्ती नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा म्हणजे किती? 'म्हशीवर लक्ष ठेव' म्हणून सांगावं, तर चोर म्हैस सोडून नेत असताना ती दिसेनाशी होईपर्यंत हा तिच्यावर लक्ष ठेवून बसेल.

त्याची बायको हौसा मात्र हुशार. तीन वर्षं दूध विकून तिनं पिको-फॉलच्या मशीनसाठी पैसे साठवले होते. चूक एकच केली. पैसे नवऱ्याच्या खात्यात ठेवले.

एका सकाळी निवृत्तीच्या फोनवर मेसेज आला. कुठल्याशा शहरातल्या बुटांच्या दुकानात त्याच्या कार्डावरून पाचशे रुपये गेले होते. निवृत्तीनं आधी आपल्या पायांकडे बघितलं. बूट नव्हते. मग त्यानं हौसाला हाक मारली.

हौसानं मेसेज वाचला. "आवं, बँकेत जावा. मॅडम काय सांगतील ते नीट ऐका, आन् तसंच करा."

इथंच सगळं बिघडलं.

तालुक्याच्या बँकेत बोरकर मॅडम होत्या. "हा व्यवहार तुमच्या ओळखीचा आहे का?" त्यांनी विचारलं.

"न्हाय जी. पन तुमी वळख करून देत असाल तर माझी ना न्हाय."

मॅडमनी तक्रार लिहून घेतली, जुनं कार्ड बंद केलं, नवं दिलं. म्हणाल्या, "आता कुणीही फोनवर नंबर विचारला, तरी सांगायचा नाही. फोन ठेवून द्यायचा."

"बरं," निवृत्ती म्हणाला. घरी आल्यावर हौसानं नवं कार्ड चुलीमागं मिठाच्या बरणीखाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांचा फोन आला. "निवृत्ती, म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर सांग. लस टोचल्याची नोंद करायचीय."

निवृत्तीनं फोन ठेवला. पुन्हा आला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा ठेवल्यावर डॉक्टर स्वतःच फटफटीवरून आले. बघतात तर म्हशीच्या कानाला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली.

"हे काय रे?"

"नंबर दिसतोय न्हवं, म्हणून."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अरे बाबा, नंबर विचारला की गोठ्यात जायचं आणि मोठ्यानं, दोनदा वाचून दाखवायचा. म्हणजे ऐकणाऱ्याची चूक होत नाही."

"बरं," निवृत्ती म्हणाला.

तिसऱ्या दिवशी एक फार गोड आवाज आला. "मी बँकेच्या हेड ऑफिसातून बोलतोय. तुमचं कार्ड आज बंद होणार आहे. लगेच नंबर सांगा."

निवृत्ती पळत गोठ्यात गेला. म्हशीचा कान धरला आणि मोठ्यानं, दोनदा वाचला.

"हे बाराच आकडे झाले," गोड आवाज म्हणाला. "सोळा पाहिजेत."

"एवढंच मावत्यात कानात."

"कुणाच्या कानात?"

"म्हशीच्या."

मग आवाज म्हणाला, "बरं, चार आकडी गुप्त नंबर सांगा."

"तिचं काय गुप्त न्हाय जी. सगळं गाव तिला बघतंय."

या वेळी फोन त्या माणसानं ठेवला.

हे ऐकून हसावं की रडावं, ते हौसाला कळेना. "म्हशीनं वाचवलं," ती म्हणाली. "जावा, मॅडमच्या कानावर घाला."

मॅडम म्हणाल्या, "थोडक्यात बचावलात. आता एकट्यानं सावध राहून भागायचं नाही. गावातही सगळ्यांना बजावा, गुप्त नंबर कुणालाही सांगायचा नाही."

"बरं," निवृत्ती म्हणाला.

पण परत येताना एसटीत त्याला काळजी लागली. गावाला बजावायचं खरं, पण कोणता नंबर सांगायचा नाही, हेच लोकांना ठाऊक नसेल तर? बिचारे चुकून सांगून बसायचे. तो उतरला तो थेट मारुतीच्या देवळात गेला आणि भोंगा सुरू केला.

"गावकऱ्यांनो, माझ्या कार्डाचा गुप्त नंबर हाय चार, चार, एक, सात. ह्यो कुणी बी विचारला तर सांगू नका."

डॉक्टरांचं सांगणं आठवून त्यानं तो दोनदा वाचला.

हौसाच्या हातातली चरवी पडली. तिनं बरणीखालचं कार्ड उचललं, नवऱ्याला देवळातून ओढून काढलं आणि मिळाली त्या जीपनं तालुका गाठला. मॅडमनी एटीएमवर नेऊन नंबर बदलायला लावला. खातं निवृत्तीचं, म्हणून नवा नंबरही त्यालाच निवडू दिला. पैसे जागच्या जागी होते. हौसा तिथंच पायरीवर बसली आणि पोटभर रडली.

मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "म्या आत्ताच मशीन ठरवून येते. तुमी घरी जावा. कार्ड जिथल्या तिथं ठेवा. आन् गावाला सांगा, त्यो नंबर आता चालत न्हाय."

"बरं," निवृत्ती म्हणाला.

संध्याकाळी हौसा गावच्या फाट्यावर उतरली. भाव ठरला होता. उद्या पैसे भरले की मशीन घरी येणार होतं. तेवढ्यात लांबवर भोंगा खरखरला.

"गावकऱ्यांनो, मघाचा नंबर आता चालत न्हाय. त्यो कुणी विचारला तर खुशाल सांगा. न सांगायचा नवा नंबर हाय नऊ, शून्य, दोन, सहा. पुन्यांदा ऐका, नऊ, शून्य, दोन, सहा. कार्ड चुलीमागं मिठाच्या बरणीखाली हाय, त्ये बी कुणाला सांगू नका. आन् कुणाला काय विचारायचं आसल, तर तासाभरानं या. म्या म्हस घिऊन पाण्यावर चाललोय, घरात कुणी न्हाय."