मेलेल्या प्रिंटरांना हाक

कुंभारवाडीच्या दूध संघात सकाळी संगणक उघडायला नऊ मिनिटं लागत, आणि कॅन घेऊन रांगेत ताटकळणारे गवळी तोवर साऱ्या संघाचा उद्धार करीत.

नवे व्यवस्थापक रणपिसेसाहेब म्हणाले, "अनसूयाबाई, तुमची लॉगिन स्क्रिप्ट, म्हणजे संगणक उघडताना चालणाऱ्या आज्ञांची यादी, जुनाट भाषेत आहे. मी ती नव्या, वेगवान भाषेत लिहून आणलीय. उद्यापासून तुम्ही आवक-जावक टेबलावर बसा."

बाई जिद्दीने संगणक शिकलेल्या. संगणकासमोरची खुर्ची अशी सोडतात थोडीच! "आधी अध्यक्षांसमोर चालवून दाखवा," त्या म्हणाल्या.

साहेबांनी चालवली. नऊ मिनिटंच लागली.

मग बाईंनी आपल्या जुन्या स्क्रिप्टमधल्या तीन ओळी पुसल्या. संगणक पंधरा सेकंदांत उघडला.

अध्यक्ष चकित झाले. "ही कोणती भाषा?"

"जुनीच की! या ओळी तीन प्रिंटरांना हाक मारून उत्तराची वाट बघत बसायच्या. प्रिंटर कधीच भंगारात गेलेत. नावं काढायला साहेबांची सही लागते. माझा अर्ज दोन महिने त्यांच्या टेबलावर पडलाय. आणि साहेबांनी त्याच हाका इमानेइतबारे नव्या भाषेत उतरवल्या! अहो, मेलेल्याला मराठीत हाक मारा नाहीतर संस्कृतात, तो ओ देणार आहे होय?"

रणपिसेसाहेब टेबलावर अर्ज शोधू लागले.