दोन विसाव्यांची खिंड

खोरवडीच्या खिंडीत रस्त्याच्या कडेला दोन चपटे दगड आहेत, एकमेकांपासून पन्नास पावलांवर. अंत्ययात्रा वाटेत जिथे क्षणभर टेकते तो विसावा, आणि तो गावोगाव एकच असतो. खोरवडीला दोन का, हा प्रश्न परगावच्या माणसाला पडतो तो बहुधा शिदूतात्यांच्या चहाच्या टपरीसमोर. समोरून अंत्ययात्रा येत असते, पुढचा ट्रक इंजिन बंद करून उभा असतो, आणि मागच्याला काही कळत नसते. त्याने हॉर्न वाजवला, की तात्या हातातल्या कपबशीसकट त्याच्या खिडकीशी जातात. “हॉर्न नको, राव. इथं एकानं घाई करून बघितलीय. उतरा, सांगतो.”

गोष्ट गाडीवाटेच्या काळातली. हैबती नावाचा गाडीवान फौजेच्या सामानाबरोबर मुलूखभर फिरत असे. बारा वर्षे त्याने घर पाहिले नव्हते. आई अंथरुणाला खिळल्याचा निरोप त्याला मिळाला, तोही पंधरा दिवस शिळा. ‘तू आल्याबिगर मी जात नाही,’ असे तिने त्याला निघताना सांगितले होते म्हणे. त्या एका वाक्याच्या भरवशावर तो बैलांना उसंत न देता चौदा मुक्काम मागे टाकत आला.

खिंडीच्या मध्यावर त्याला अंत्ययात्रा आडवी आली. वाट एका गाडीपुरतीच. हैबती गांगरला. आजारी माणसाकडे जाताना मयत दिसणे चांगले की वाईट? फौजेत कुणी चांगले म्हणे, कुणी वाईट. त्याचे काही ठरेना, तेव्हा त्याने पागोट्याचा शेव तोंडावर ओढून घेतला. बघायलाच नको. हीच त्याची चूक झाली, असे सांगतात.

“बाजूला व्हा!” तो ओरडला. “माझी म्हातारी डोळे लावून बसलीय!”

पुढे चालणारा म्हातारा म्हणाला, “हिनंबी लई दिवस डोळे लावले होते, बाबा. पन्नास पावलांवर विसावा हाय. तितकं मागं सर, मग खुशाल जा.”

“मेलेल्याला कसली घाई? घाई जित्याला!”

माणसे कडेला सरकली. तिरडी तिथल्याच एका चपट्या दगडावर टेकली आणि हैबतीने मान वळवून गाडी हाणली.

घराचे अंगण ओले होते. आत जमिनीवर पणती तेवत होती, आईचे अंथरूण गुंडाळलेले होते. शेजारची भागूमावशी दारात बसली होती. तिने आधी त्याला ओळखलेच नाही.

“मावशी, आई कुठाय?”

“हैबत्या?” तिने त्याच्या दाढीला हात लावला. “आरं, खिंडीत नाही भेटली व्हय तुला?”

तो अनवाणी धावत सुटला. आपण कुणावर ओरडलो, काय बोललो, काही नीट आठवेना. नदीकडे चितेचा धूर दिसेल या भीतीने त्याने मानही वर केली नाही. आणि खिंडीत पोहोचतो तर तिरडी अजून त्याच दगडावर!

तिच्याभोवती भांडण जुंपले होते. एक म्हणे, तिरडी टेकली म्हणजे विसावा झाला, आता खांदे पालटा. दुसरा म्हणे, छे, ही तर गाडीला दिलेली वाट, विसावा पुढेच आहे. पण मयत दोनदा टेकवायची तरी कशी? तिसरा वैतागून म्हणाला, “मग परत घरी न्या आन् पुन्हा निघा!” म्हाताऱ्याने डोक्याला हात लावला आणि तिरडीवरच्या हैबतीच्या आईलाच विचारले, “येसाई, आता तूच सांग गं बाई.”

तो घोळ येसाईनेच घातला होता, अशी गावाची श्रद्धा. शब्द दिला होता ना तिने.

हैबतीने पागोटे काढले. आईच्या तोंडाकडे तो किती वेळ बघत राहिला, ते कुणी सांगत नाही. मग त्याने खांदा दिला. पन्नास पावलांवर विसावा आला तेव्हा तो म्हणाला, “इथंबी टेकवा. अजून जरा बसू द्या तिच्यापाशी.” या वेळी कुणी वाद घातला नाही.

पुढे रस्ता रुंद करताना दोन्ही दगड हलवले गेले. आता मूळचा विसावा कोणता आणि हैबतीचा कोणता, यावर तात्यांचे आणि त्यांच्या भावाचेही एकमत नाही. म्हणून गाव दोन्हीकडे टेकते.

आजही खोरवडीच्या खिंडीत अंत्ययात्रेला कुणी गाडी आडवी घालत नाही. ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरतो. दुचाकीवाला हेल्मेट काढतो, तोंडाला बांधलेला रुमाल सोडतो. इथे तोंड झाकून उभे राहायचे नाही. मग विचारायचे, “कोण गेलं?” यात्रेतले कुणीतरी नाव सांगते, आणि ते ऐकल्याशिवाय गाडी पुढे काढायची नाही. नाव बहुतेकदा अनोळखीच असते. तरीही गाडीत परत बसल्यावर कितीतरी जण लगेच किल्ली फिरवत नाहीत. आधी खिशातून फोन काढतात आणि घरी लावतात.