साळ्याची बिनधुराची गाडी

फार जुनी गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी.

एका राज्यात बैलांशिवाय चालणाऱ्या गाड्या होत्या. त्या पोटात तेल जाळायच्या आणि मागून धूर सोडायच्या. आधी राजानंच दवंडी पिटवली होती, "तेलाची गाडी घ्या, तिला कर कमी." लोकांनी गाड्या घेतल्या. मग आभाळ मळकट झालं, झाडांवरच्या चिमण्या खोकू लागल्या. तेव्हा राजानं दुसरी दवंडी पिटवली, "जितका धूर, तितका कर."

प्रत्येक गावाच्या वेशीवर शिपाई उभे राहिले. गाडी आली की तिच्या धुराड्यासमोर पांढरं फडकं धरायचं आणि शंभरापर्यंत आकडे म्हणायचे. फडकं जितकं काळं, तितका कर जास्त.

ही फडकी विणायचं काम एका साळ्याकडे होतं. घरी बायको आणि सात वर्षांची मुलगी. मुलीला गाण्याचा नाद. मागाच्या ठेक्यावर ती गायची. ती गप्प बसली की साळ्याचा हात चुकायचा.

साळ्याचा बैल म्हातारा होऊन बसला. दर आठवड्याला तीन वेशी ओलांडून तिघांनी बाजाराला जायचं, तर नवी गाडी हवी. बैलगाडी घ्यावी तर वाटेतच दिवस सरतो. तेलाची घ्यावी तर कर झेपत नाही. दोन महिने तो याच विचारात होता. शेवटी गाड्या घडवणाऱ्याकडे गेला.

"साळीदादा, तुमच्यासाठी एक गाडी आहे," कारागीर म्हणाला. "तेलाचीच. पण फडकं काळं व्हायचं नाही."

"ते कसं?"

"ही दोरी बघा. वेस आली की ओढायची. धुराड्यावर झाकण बसतं, धूर वळतो बैठकीखालच्या पेटीत. वेस गेली की सोडायची. फडक्याला काय कळतंय? तुम्हीच विणलंय ना ते?"

दोघंही हसले.

गाडी घरी आली. बायको तिच्याभोवती एक फेरी मारून उभी राहिली.

"अहो, पण मग तो धूर जातो कुठं?"

"पेटीत."

"आणि पेटीतून?"

"तू आधी बस तर खरी! राजाचे शिपाई बरे, तुझीच चौकशी जास्त."

पहिल्या वेशीवर साळ्यानं दोरी ओढली. शिपायानं फडकं उलटसुलट करून पाहिलं. "काय दादा, हिला तेलाऐवजी दूध पाजता का काय?" त्यानं साळ्याची पाठ थोपटली. गावातले लोकही म्हणू लागले, गाडी असावी तर साळ्याची. कौतुक गोड लागतं. साळी आधी दोरी सोडायला विसरू लागला. मग मुद्दामच सोडीना.

थंडी पडली. धुरानं पेटी तापायची आणि तिच्यावरची जागा उबदार व्हायची. साळ्यानं ती जागा मुलीला दिली. घोंगडी अंथरली. वारा लागू नये म्हणून कडेनं पडदे बांधले. "ही माझ्या राणीची जागा," असं म्हणायचा. मुलगी खूश होती.

पेटीच्या फळ्यांना बारीक फटी होत्या. घोंगडीखाली त्या कुणाला दिसल्या नाहीत.

मुलगी खोकू लागली. आधी गाताना, मग बोलताना, मग निजताना. वैद्य तिसऱ्या वेशीपलीकडे राहायचे. साळी तिला चार-चार दिवसांनी तिकडे न्यायचा. त्याच गाडीतून, त्याच जागेवर, आता दोन घोंगड्या घालून. औषध पोटात पडायचं आणि परतीच्या वाटेवर खोकला वाढायचा.

एके दिवशी वैद्यांनी तिच्या तोंडाशी पांढरं फडकं धरलं. "खोक, बाळा."

ती खोकली. वैद्यांनी फडकं साळ्यासमोर धरलं. "घरात चुलीचा धूर कोंदतो का रे?"

"नाही. चूल अंगणात आहे."

"मग हे कुठून आलं?"

फडक्यावर काळा डाग होता. फडक्याची किनार साळ्यानं ओळखली. त्याच्याच मागावरचं होतं ते. आणि त्याच सकाळी तीन वेशींवर अशीच तीन फडकी पांढरीशुभ्र राहिली होती.

ते फडकं घेऊन तो बाहेर गेला. घोंगड्या काढल्या, फळी उचलली. आतला धूर त्याच्या तोंडावर आला.

गाडी तिथंच टाकून, मुलीला पाठीवर घेऊन तो पायी निघाला. दोन वेशी मागं पडल्या, घराजवळची पहिली वेस लागली. शिपाई हसून म्हणाला, "काय दादा, आज पायी? दूध संपलं वाटतं!"

साळ्यानं ते फडकं त्याच्या हातात दिलं. "माझ्या गाडीचं आहे. कर घे."

"अहो, पण गाडी कुठंय?"

तेवढ्यात पाठीवरची मुलगी खोकली. शिपायानं फडक्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि मान खाली घालून वेस उघडली. या धुराला कर किती, ते कुठल्याच दवंडीत नव्हतं.

मुलगी जगली. पण गाण्यापुरता श्वास तिच्या छातीत पुन्हा आला नाही. साळ्याचा माग चालायचा, ती शेजारी बसून नुसतं ऐकायची. धूर जातो कुठं, हा प्रश्न बायकोनं पुन्हा कधी विचारला नाही. साळ्याचा हात मात्र रोज चुकायचा.

म्हणून सांगतो, जगाच्या डोळ्यांपासून लपवलेला धूर शेवटी आपल्याच माणसांच्या छातीत जातो.