वेशीवरची घोंगडी

एका तटबंदीच्या नगरात एक वृद्ध आचार्य राहत असत. नगराला जळण पुरवीत ती पलीकडच्या डोंगरातली, काळ्या वर्णाची माणसे. एके दिवशी वेशीवरच्या शिपायांनी त्यांच्यातल्या जान्या नावाच्या तरुणाला चोर ठरवून इतके मारले, की तो जागीच गेला. त्याच्या मोळीत लाकडांवाचून काही निघाले नाही.

दुसऱ्या दिवशी डोंगरातली माणसे चौकात येऊन बसली. बाजार बंद पडला. कुणीतरी दगड भिरकावला आणि एका व्यापाऱ्याच्या दुकानाची फळी फुटली. मग नगरात जान्यापेक्षा त्या फळीचीच चर्चा अधिक होऊ लागली.

आचार्यांचा शिष्यही चिडला होता. "झाले ते वाईटच," तो म्हणाला, "पण हा काय मार्ग झाला? आणि शिपाई तरी उगाच कशाला मारतील? तोच काहीतरी उलट बोलला असणार. मुकाट्याने चालणाऱ्यावर कोण हात उचलतो?"

संध्याकाळी आचार्यांनी डोंगरातल्या माणसांसारखी घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली, खांद्यावर मोळी घेतली आणि ते वेशीकडे चालू लागले. शिष्य गोंधळून मागोमाग निघाला.

वेशीत शिपायाने हटकले नाही, काही विचारले नाही. सरळ दंडुका हाणला. आचार्य गुडघ्यांवर कोसळले. दुसऱ्यांदा दंडुका उगारला गेला तेव्हा शिष्य किंचाळला, "अरे, आचार्य आहेत ते!"

आचार्यांनी घोंगडी मागे सारली. शिपायाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने त्यांच्या पायांवर लोळण घेतली. "महाराज, घात झाला! मला वाटलं, त्यांच्यातलाच कुणी..."

"वाक्य पुरे कर," आचार्य म्हणाले.

शिपायाने कपाळ जमिनीला टेकवले.

शिष्याने आचार्यांना उठवले. कपाळावरून रक्त ओघळत होते. "गुरुजी, तुम्ही तर एक शब्दही बोलला नव्हता!"

"जान्याही बोलला नसेल," आचार्य म्हणाले. "मी घोंगडी काढली आणि वाचलो, बाळा. त्याने काय काढून ठेवायचे होते? अंगाची कातडी?"

शिष्याने उपरण्याने त्यांच्या कपाळावरचे रक्त पुसले. मग खालच्या आवाजात म्हणाला, "तरी दुकान फोडणे मला अजूनही पटत नाही."

"पटू नयेच. ते त्यांना जरूर सांग. पण आधी त्यांच्याशेजारी जाऊन बस."

शिष्य चौकात गेला. जान्याच्या आईने मान वर करून त्याच्याकडे पाहिले, आणि काही न विचारता थोडी सरकून जागा करून दिली. सांगायचे ठरवलेले त्याला त्या दिवशी काहीच सांगता आले नाही. तो ऐकत राहिला.