झाकणावरचं पाणी

एक होता राजा. राज्य एवढंसं. या डोंगरावरून हाक मारली तर त्या डोंगरावर संपायचं. राणी स्वतःच रांधायची. तिच्या हातचं वालाचं बिरडं असलं की राजा दरबार अर्धा टाकून जेवायला यायचा. म्हणायचा, "भात थोडा, बिरडं जास्त."

मग एकदा काय झालं, राणी आजारी पडली आणि गेली. हो रे, गेली. गोष्टीतसुद्धा माणसं जातात.

राजानं जेवण टाकलं. आज चार घास, उद्या तीन, मग नुसतं ताक. वैद्य म्हणाले, "पोटात अन्न गेलं नाही, तर राजा पंधरवडा काढत नाही." राजा म्हणाला, "तिनं वाळवलेले वाल असतील, तर बघा."

होते, बरं का. मडक्यात, राखेत घोळलेले. पण किती? तीन वेळा पुरतील एवढेच.

पहिल्यांदा आचारी पुढे आला. मोठा घाईचा माणूस. वाल शिजत आले, पाणी आटलं, तर यानं घागरीतलं गार पाणी धबकन ओतलं. वाल आखडले. दिवसभर जाळ घातला, तरी दातांखाली खडेच.

दुसऱ्यांदा राजाची बहीण बसली. चुलीपुढे तिला वहिनी आठवली आणि डोळ्यांतलं पाणी टपटप पातेल्यात पडलं. डोळ्यांचं पाणी खारट. वाल शिजायच्या आधी मीठ पडलं, की ते हट्टाला पेटतात. तेही तसेच राहिले.

उरली शेवटची ओंजळ. आणि उरली राजाची लेक, बकुळ. नऊ वर्षांची. आत्या म्हणाली, "तुला जमायचं नाही गं." बकुळ म्हणाली, "आईजवळ बसून सोलायचे ते मीच ना?"

तिनं वाल भिजत घातले. मग ओल्या फडक्यात बांधून खुंटीला टांगले. मोड आल्यावर कोमट पाण्यात टाकून एकेक सोलला. रडायचं ते सोलताना रडून घेतलं. ते पाणी तर फेकायचंच असतं.

मग फोडणी, हळद, वाल. वर ताटली झाकली आणि आई करायची तसं ताटलीत पाणी ठेवलं. खालच्या वाफेनं ते तापतं. पातेल्यातलं आटलं, की तेच ऊन पाणी आत ओतायचं.

पाणी तापलं. बकुळनं वाकून पाहिलं, तर पाण्यात आई! तीच टिकली, तोच कपाळावर चिकटलेला केस.

"आई!"

"हळू बोल. ताटली हलेल," आई म्हणाली.

बकुळ बघत राहिली. श्वाससुद्धा जपून घेतला. मग पातेलं चुरचुरायला लागलं. आतलं पाणी आटलं होतं.

"ओत आता," आई म्हणाली.

"नाही. ओतलं की तू जाशील."

"मी गेलेच आहे, बाळा. बाबा अजून आहेत."

आतून राजानं क्षीण आवाजात विचारलं, "बकुळे, काही करपतंय का गं?"

दुसरं पाणी तापेपर्यंत वाल जळले असते. बकुळनं पदराएवढं फडकं घेतलं, ताटली उचलली. आई हसली. म्हणाली, "कडेनं ओत. फुटायला नकोत."

बकुळनं कडेनं ओतलं. अगदी थेंबाथेंबानं. शेवटच्या थेंबापर्यंत बघत होती. मग ताटलीत नुसती वाफ.

वाल शिजले, लोण्यासारखे. गूळ पडला, आमसूल पडलं, खोबरं पडलं. मीठ घालायला ती वाकली आणि तेव्हा तिला रडू आवरेना. आता चालतं, बरं का. शिजल्यावर चालतं.

राजानं एक घास घेतला. बराच वेळ तोंडात धरला. मग म्हणाला, "तिचंच आहे." आणि दुसरा घास घेत म्हणाला, "मीठ जरा जास्त आहे. असू दे. अजून वाढ."

राजा जगला. बकुळ मोठी झाली. पुढे नवे वाल आले, कितीदा बिरडं झालं. पाण्यात पुन्हा कुणी दिसलं नाही. पण ओतायच्या आधी ती दर वेळी वाकून बघायची.

दोघं एकमेकांना धरून सुखानं राहिली. कशी राहिली? रोज जेवून. चला, डोळे मिटा आता. खुंटीवरच्या वालांनाही रात्रभर अंधार लागतो, तेव्हा कुठे मोड येतात.