ठसे पुसणारी साळू

सिंहाला नुकताच कायदे करायचा नाद लागला होता, तेव्हाची ही गोष्ट. साळूमावशी नावाच्या साळिंदराने करवंदीच्या जाळीतून पाणवठ्यापर्यंत वाट कुरतडून काढली आणि येईल त्याला जाऊ दिलं.

एके दिवशी सिंहाने फर्मान काढलं, की कोण कुठे गेलं ते कळू नये म्हणून वाटेवर कुणाचे ठसे राहता कामा नयेत. लगेच ससा साळूच्या बिळाशी आला. "मावशी, ठसे पुसायची सोय उद्यापर्यंत झाली पाहिजे. कायदा आहे!"

"अरे, जाता जाता आपापले पुसा की."

"आम्ही? वाट तुझी!"

बिचारी रोज वाट झाडू लागली. मग हरिणी आली. "पुसताना तू आमचे ठसे बघतेस म्हणे!"

साळू डोळे मिटून झाडू लागली आणि काट्यांत शिरून रक्तबंबाळ झाली. शेवटी वैतागून ती डोंगरापलीकडे निघून गेली. जाळी वाढली, वाट बुजली.

मग बिबट्याने पाणवठ्याकडे एक ऐसपैस वाट सगळ्यांना फुकट खुली केली. पहिल्याच सकाळी ससा आणि हरिणी तिच्यावरून उड्या मारत निघाले. मऊ मातीतले त्यांचे ठसे निरखत बिबट्या सावकाश मागून येत होता. त्याला कायदा सांगायला कुणी थांबलं नाही.