उसवलेली शाल

डोंगरउतारावरच्या एका जंगलात, जुन्या जांभळीच्या सावलीत, एका मेंढीने लोकरीचे दुकान मांडले होते. ऋतू बदलला की तिच्या दुकानातला माल बदलायचा. उन्हाळ्यात सावरीच्या कापसाचे हलके सूत, पावसाळ्यात अंबाडीचे चिवट सूत, आणि थंडी जवळ आली की तिची स्वतःची मऊ, उबदार लोकर. पळसाच्या वाळलेल्या फुलांत उकळून ती काही लोकर केशरी करी, काही मंजिष्ठेत लाल करी. विणायच्या सुया म्हातारी साळू पुरवायची. आपलेच गळून पडलेले काटे ती घासूनपुसून आणून देई. नव्या हंगामाच्या पहिल्या दिवशी सगळे प्राणी जांभळीखाली जमत आणि यंदा मोजे विणायचे, मफलर विणायचा की कानटोपी, हे ठरवत. ते ठरवायला सोपे जावे म्हणून मेंढी नव्या लोकरीची एखादी वस्तू आधीच विणून दाराशी टांगून ठेवायची.

त्याच जंगलात एक खवले मांजर राहत असे. सगळे त्याला खवल्या म्हणत. खवल्याला विणता येत नव्हते, पण लोकर बघायला त्याला फार आवडायचे. तो रोज दुकानासमोरून जायचा आणि लांबूनच बघायचा. मेंढी हाक मारायची, "अरे आत ये ना! बाहेर काय उभा राहतोस पाहुण्यासारखा?" तेवढे ऐकले तरी खवल्या लाजून अंगाची गुंडाळी करून घ्यायचा. मेंढी हसायची आणि कामाला लागायची.

त्या वर्षी मेंढीने केशरी लोकरीची एक शाल विणली होती. तिच्यावर लाटांसारखी नक्षी होती. हंगाम दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचा होता आणि शालीची फक्त शेवटची ओळ बंद करायची राहिली होती. मेंढीने ती तशीच दाराशी टांगली होती; टाके अजून सुईवरच होते आणि लोकरीचे टोक खाली लोंबत होते. दुपारी मेंढी ओढ्यावर गेली. दुकानात कोणी नाही हे पाहून खवल्या हळूच दाराशी आला. त्याला काही न्यायचे नव्हते. एकदा शालीवर गाल टेकवून बघायचा, एवढेच त्याच्या मनात होते. त्याने गाल टेकवला. शाल इतकी मऊ होती की त्याचे डोळेच मिटले.

तेवढ्यात वर दाट पानांआड कावळ्याने पंख फडफडवले. खवल्या दचकला आणि पळत सुटला. लोकरीचे टोक आपल्या पाठीवरच्या खवल्यात अडकले आहे, हे त्याला कळलेच नाही. तो पळत राहिला. मागे सुई निसटली आणि एकामागून एक टाके सुटत गेले. बिळाशी पोचून त्याने वळून पाहिले, तर झुडपांतून वळणे घेत केशरी धागाच धागा त्याच्या मागे आला होता. त्याने काठाशी धागा तुटेपर्यंत सगळी लोकर ओढून घेतली, गच्च गुंडा केला आणि बिळात पाचोळ्याखाली दडवला. 'उद्या सांगू,' तो स्वतःशी म्हणाला. पण उद्या काय आणि कसे सांगायचे, हे त्याला सुचेना.

दुसऱ्या दिवशी सगळे जांभळीखाली जमले. दाराशी शालीच्या जागी फक्त काठाची चिंधी लोंबत होती. मेंढी तिच्याकडे बघत उभी होती.

"काल दुपारी वानरीण याच झाडावर होती," कावळा म्हणाला. "मी या डोळ्यांनी पाहिली."

"ही लहानपणी लोकरीचे गुंडे पळवायची, आठवतंय ना?" कोल्हा म्हणाला. "सवय जात नाही हो!"

वानरीण कडेवर पिल्लू घेऊन पुढे आली. तिच्या हातात अर्धी विणलेली केशरी कानटोपी होती. तिची लोकर संपली होती आणि उरलेली टोपी पुरी करायला ती त्याच रंगाची लोकर न्यायला आली होती. पिल्लाचे कान थंडीने लालबुंद झाले होते.

"मेंढीकाकू, मी जांभळं आलीत का बघायला चढले होते," ती म्हणाली.

"थंडीत जांभळं?" कोल्हा म्हणाला आणि सगळे खो खो हसले.

वानरिणीचा चेहरा उतरला. "पोराचा हट्ट होता. त्याला दाखवायला चढले होते, की बाबा रे, जांभळं नाहीयेत. काकू, मी स्वतः विणते. एक टाका घालायला किती जीव लागतो ते मला ठाऊक आहे. मी कुणाचं उसवेन का?"

मेंढीला वाईट वाटले होते, रागही आला होता. कितीतरी दिवसांची तिची मेहनत गेली होती. ती सगळ्यांदेखत म्हणाली, "या दुकानात तुला आता लोकर मिळायची नाही. जा तू."

वानरिणीने अर्धी टोपी पोटाशी धरली आणि ती निघून गेली. खवल्या सगळ्यांच्या मागे उभा होता. बोलावे म्हणून त्याने तोंड उघडले, पण तोंडातून ब्र निघाला नाही. जमिनीने पोटात घ्यावे असे त्याला झाले.

त्या रात्री त्याला पाचोळ्याखालचा गुंडा टोचत राहिला. लोकर कधी टोचते का? पण त्याला टोचली. सकाळी उठून त्याने ठरवले, की लोकर परत करून टाकायची. मग सगळे मिटेल. तो गुंडा घेऊन दुकानात गेला. तिथे सगळे विणायला जमले होते. मेंढीने विचारले, "कुठे मिळाला रे?" आणि खरे सांगायचे ठरवून आलेला खवल्या बोलून गेला, "ओढ्याकाठी... सापडला."

"बघा! याला म्हणतात सरळ मनाचा प्राणी," साळू मोठ्याने म्हणाली. "दुसरा कोणी असता तर गुपचूप मोजे विणून मोकळा झाला असता."

मेंढीचे डोळे भरून आले. "बाळा, नव्या लोकरीतली पहिली लडी तुझी. हवी ती उचल." सगळ्यांनी मान डोलावली. कौतुकाचा एकेक शब्द खवल्याला चटका दिल्यासारखा लागत होता. त्याने मान खाली घातली आणि सगळ्यांना वाटले, की किती हा विनयी!

मेंढीने गुंडा सोडून पाहिला. लोकर नागमोडी झाली होती, जागोजागी टाक्यांच्या मुरडी पडल्या होत्या.

"ही सरळ होईल का?" खवल्याने हळूच विचारले.

"होईल की. कोमट पाण्यात भिजवायची, खाली दगड बांधायचा आणि उन्हात टांगायची. शाल पुन्हा विणीन मी."

"मग वानरिणीला लोकर द्याल ना?"

मेंढीने त्याच्याकडे नवल करून पाहिले. "लोकर मिळाली म्हणून तिने नेलीच नव्हती, असं होतं का रे? टाकली असेल घाबरून ओढ्याकाठी. नाही, तिला नाही द्यायची."

खवल्याचा सगळा हिशेब चुकला होता. वस्तू परत गेली होती, पण वानरीण होती तिथेच होती. मग त्याने दुसरी वाट काढली. बक्षीस म्हणून त्याने केशरी लडीच उचलली, कानटोपीच्याच रंगाची, आणि थेट वानरिणीच्या झाडाखाली गेला.

"ताई, ही घ्या," तो खालूनच म्हणाला. "माझ्या काही उपयोगाची नाही. तुमची टोपी पुरी होईल."

पिल्लू आनंदाने खाली झेपावले. "आई, घे ना!"

वानरिणीने त्याला शेपटीला धरून मागे ओढले. लडीवर तिची नजर क्षणभर रेंगाळली. मग ती म्हणाली, "नको रे खवल्या. त्या दुकानातून मला सगळ्यांसमोर हाकललं. तिथली लोकर मी अशी चोरून, मागच्या वाटेने घेऊ? उद्या ही टोपी पोराच्या डोक्यावर बघून लोक काय म्हणतील? म्हणतील, बघा, कुठून आणली! माझ्या पोराचे कान गार पडले तरी चालतील, पण त्याच्या डोक्यावर तो डाग नको." ती जराशी थांबली. "तू मनाचा चांगला आहेस. सगळे म्हणतात, लोकर तूच शोधून दिलीस. तू तरी मला चोर समजत नाहीस, एवढं पुरे झालं मला."

कोणी शिव्या दिल्या असत्या, तर खवल्याने अंगाची गुंडाळी करून त्या पाठीवरच्या खवल्यांवर झेलल्या असत्या. हे शब्द मात्र आत घुसले. तो तिथून निघाला आणि वाटेत कुठेही न थांबता दुकानात आला. थांबलो तर पाय पुन्हा बिळाकडे वळतील, हे त्याला पक्के माहीत होते.

जांभळीखाली विणकाम रंगात आले होते. कोल्हा मफलर विणता विणता टाके विसरत होता आणि साळू त्याला टोमणे मारत होती. "शेपूट सांभाळ बाबा, तिलाच विणून टाकशील!"

"मेंढीकाकू," खवल्या म्हणाला.

"काय रे, रंग बदलून हवाय?"

"नाही. शाल..." त्याने लडी तिच्यासमोर ठेवली. "शाल मी उसवली. माझ्या खवल्यात धागा अडकला. मला कळलं नाही. पण नंतर कळलं. लोकर ओढ्याकाठी नव्हती, माझ्या बिळात होती. वानरताईंना तुम्ही हाकललंत तेव्हा मी इथेच उभा होतो."

सगळ्यांच्या सुया थांबल्या. खवल्याला वाटले, आपल्या अंगावरचा एकेक खवला कोणीतरी उपटून काढत आहे.

"मी ती झाडावर दिसली एवढंच म्हटलं होतं," कावळा घाईघाईने म्हणाला. "तिने नेली असं कुठं म्हटलं?"

"तू चोच मीट," साळू म्हणाली. मग ती खवल्याकडे वळली. "आणि मी तुझं कौतुक केलं, ते मुकाट्याने ऐकून घेतलंस होय रे?"

खवल्याने मान हलवली. हो.

सगळ्यांना वाटले, आता मेंढी खवल्यावर तुटून पडणार. पण तिने हातातले विणकाम खाली ठेवले. तिचीच नजर जमिनीला खिळली होती. "तू घाबरून गप्प बसलास," ती म्हणाली. "मी तर न बघता, न विचारता बोलले. चला सगळे. तिला चारचौघांत हाकललं, तर बोलवायचंही चारचौघांतच. खवल्या, तू माझ्यासोबत पुढे चल. एकटीने जायची मलाही लाज वाटते."

सगळा घोळका वानरिणीच्या झाडाखाली आला. मेंढीने केशरी लडी पुढे धरून माफी मागितली. मग खवल्याने सगळे पुन्हा सांगितले. दुसऱ्यांदा सांगणे सोपे जाईल असे त्याला वाटले होते, पण ते जास्त कठीण गेले. समोर तीच होती.

वानरीण फांदीवरून ऐकत होती. "काल माझ्या पोराने मला विचारलं," ती शांतपणे म्हणाली, "आई, चोर म्हणजे काय? तेव्हा तू कुठे होतास?"

"बिळात," खवल्या म्हणाला.

"आणि मघाशी ती लडी घेऊन आलास, तेव्हा तरी सांगायचंस."

"धीर झाला नाही, ताई."

'जाऊ दे, झालं गेलं,' असे वानरीण म्हणाली नाही. ती पिल्लाला कडेवर घेऊन खाली उतरली आणि तिने मेंढीच्या हातातली केशरी लडी घेतली. "ही गुंडाळायला दोघं लागतात," ती खवल्याला म्हणाली. "हात पुढे कर. दोन्ही."

खवल्याने मऊ तळवे पुढे केले. वानरिणीने लडी त्याच्या दोन्ही पंजांवर ताणून घातली आणि ती सावकाश गुंडा करू लागली. आता त्याला जागचे हलता येईना, तोंडही लपवता येईना. सगळे बघत होते. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि पुसायला हात मोकळे नव्हते. धागा मात्र त्याने कुठेच सैल पडू दिला नाही.

पिल्लू त्याच्या अगदी जवळ येऊन त्याच्या तोंडाकडे निरखून पाहू लागले. "आई, शाल उसवली तो हाच का?"

"हाच," वानरीण धागा ओढत म्हणाली. "आणि येऊन सांगितलं, तोही हाच."

तात्पर्य : आपल्या हातून झालेले नुकसान गुपचूप भरून देता येते, पण त्यापायी दुसऱ्याच्या नावाला लागलेला डाग चारचौघांत खरे बोलूनच पुसावा लागतो.